दाराबाहेरचा शॉट

"सर, दाराबाहेर मी नेमकं काय करत असते?"

नटी इरावतीच्या या प्रश्नावर दिग्दर्शक संघर्षने नुसतं कपाळ चोळलं. दादरच्या तालमीच्या हॉलमध्ये सकाळपासून बसून तो शिणला होता. खरं तर तो कित्येक वर्षांपासून शिणलेला होता. चार थरारपट झाले, हा पाचवा, आणि प्रत्येकात तेच. बंद दार, आत लहान मूल, बाहेरून बाईची थाप. कॅमेरा दाराबाहेर कधी जायचाच नाही. समीक्षक मंडळींनी त्यावर रकानेच्या रकाने भरले होते. कुणाला त्यात महानगरातलं एकटेपण दिसलं, कुणाला थेट देशाची अवस्था. संघर्षने कुणालाच खोडून काढलं नाही.

"थाप मारायची," तो म्हणाला.

"ते कळलं हो. पण ती रागावलीय, घाबरलीय, की तिला धाप लागलीय? या वेळी कॅमेरा बाहेर येतोय म्हणून विचारते."

ती निर्माता हेरंबची अट होती. "बॉस, पब्लिक कंटाळलंय. या टायमाला दार उघड," असं त्याने तोंडावर सांगितलं होतं.

"उद्या सांगतो," म्हणून संघर्ष उठला.

सांगायला त्याला ठाऊक तरी कुठे होतं? सहा वर्षांचा असताना राणीच्या बागेत नेलं नाही म्हणून तो आतून कडी लावून रुसून बसला. आई बाहेर गॅलरीत. "संघू, कडी काढ रे राजा." थाप बराच वेळ वाजत होती. त्याने कानांत बोटं घातली आणि तसाच झोपी गेला. जाग आली ती शेजारच्या मीराबाईंच्या खोलीत. दार मोडून त्याला बाहेर काढलं होतं. मीराबाईंनी त्याला पोटाशी धरलं. "आई गेली रे बाळा तुझी," एवढंच त्या म्हणाल्या.

आईला दमा होता. औषध आत फळीवर होतं. दुसऱ्याच दिवशी वडिलांनी त्याला आत्याकडे गावी पोचवलं, आणि पुढे तो विषय घरात कुणी काढला नाही.

आपण कडी काढली असती तर आई वाचली असती का? एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. विचारायची छाती होत नव्हती, म्हणून तो सिनेमे काढत होता.

संध्याकाळी तो परळच्या चाळीत वडिलांकडे गेला. बाबुराव खाटेवर बसून चहात पाव बुडवत होते.

"जेवून जाणार ना?"

"बाबा, आई कशी गेली?"

बाबुरावांचा हात थांबला. "आता कशाला ते? थकलो रे मी."

"मी पण थकलोय. सिनेमासाठी पाहिजे."

"तुझे सिनेमे! एक पण बघवत नाही मला. अर्ध्यातून उठतो."

"एकच सांगा. मी त्या दिवशी कडी काढली असती तर?"

बाबुरावांनी कप खाली ठेवला. बाहेर गॅलरीत कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं, म्हणून त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"तर मी एकटा पडलो असतो," ते म्हणाले.

संघर्षला काही उमजेना. "असं कोड्यात नका बोलू, बाबा. सरळ सांगा. आई वाचली असती का?"

"वाचली असती म्हणजे?" बाबुराव त्याच्याकडे बघतच राहिले. "अरे, मेली कधी ती? पिशवी भरून उभी होती, तुला घेऊन जायला. तू कडी काढली नाहीस, म्हणून एकटीच गेली."