माप ओलांडल्याची रेघ

“ही पांढऱ्या पायाची घरात आली आणि माझे शेअर पडले,” सासरे पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणाले.

सुनेने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. सासऱ्यांच्याच एक्सेलमधली प्रत्येक खरेदी तिने कोड लिहून शेअरच्या चार्टवर आणली होती. लाल ठिपके सगळे शिखरावर होते. तिथून भाव नुसता कोसळत गेला होता. पार खाली, घसरण थांबली तिथे, एक उभी हिरवी रेघ होती.

“मी माप ओलांडलं ते इथे, बाबा. तोवर सगळं पडून झालं होतं. आता माझ्या पायांचं नाव काढायचं नाही.”

पाहुणे कपातला चहा बघत बसले. पदराला हात पुसत सासूबाई टीव्हीपुढे आल्या.

“हेच ऐकत मी म्हातारी झाले. हा चार्ट माझ्या लग्नापर्यंत मागे नेता येतो का गं?”