एकसष्टावा तास

“घे गं, तोंड गोड कर!” डॉक्टरांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला आणि शाल्मलीनं हात मागे घेतला.

ऑक्युपेशनल थेरपीच्या मास्टर्सला प्रवेश घ्यायचा, तर क्लिनिकमध्ये साठ तास बसून पेशंट पाहिल्याचं प्रमाणपत्र लागायचं. ती महिनाभर बसली होती. लकव्यातून उठलेले शिंपीकाका उजव्या हाताच्या चिमटीत बटण धरू पाहायचे, ते रोज सुटायचं, आणि ती वहीत टिपून ठेवायची. आज तिला प्रमाणपत्र मिळालं. पाठोपाठ पेढे घेऊन आलेल्या डॉक्टरांच्या भाच्यालाही मिळालं! पठ्ठ्या क्लिनिकची पायरी आज पहिल्यांदाच चढला होता.

“सर, हा एक तासही बसला नाहीये.”

“तुझं काय जातंय?” डॉक्टर पेढ्याची बोटं चाटत म्हणाले. “वटवट केलीस, तर तुझ्याच कागदावरची सही रद्द करीन.”

शी! त्या चिकट बोटांचा डाग तिच्याही कागदावर होता. पण आज अर्जाची शेवटची तारीख. तिनं आपला कागद उचलला, आणि तिला स्वतःचीच जास्त किळस आली.

टर्रर्र!

शेजारच्या खुर्चीत बटणाशी झटत बसलेल्या शिंपीकाकांनी टेबलावरचं भाच्याचं प्रमाणपत्र डाव्या हाताखाली दाबून, उजव्या हाताच्या चिमटीत धरून, कापड फाडावं तसं सरळ फाडलं होतं.

“काकांची चिमटी जमली!” शाल्मली किंचाळलीच. मग तिनं आपला कागद डॉक्टरांपुढे सरकवला. “करा खुशाल रद्द. आधी एवढं लिहू द्या.”

आणि तिनं वही उघडून एकसष्टाव्या तासाची नोंद केली.