दोनशे चौदा नंबरचा चोर

कपाटात तीनशे बारा कॉमिक्स होती. प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि दर दहांमागे ओल शोषणारी एक पुडी. आतली आर्द्रता बेचाळीस टक्के. ती फार वाढली की पानांना बुरशी धरते, म्हणून कपाट मी कुणासाठीच उघडत नसे.

"मला फक्त दोनशे चौदा नंबरचं दे," चार दिवस राहायला आलेली ताई म्हणाली. "चोर कोण ते कळायच्या आत तू माझ्या हातातून ओढून घेतलंस आणि पिशवीत घातलंस. अकरा वर्षं झाली, शास्त्रज्ञबाई! निदान तोंडाने तरी सांग."

मी कपाटाची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"अगं, बोल की!"

"मलाही माहीत नाही. तुझे हात तेलकट होते, म्हणून घाईघाईत बंद केलं. मग उघडलंच नाही."

"आणि बाकीची?"

"नवी आणली की सरळ पिशवीत."

ताईने सरळ माझ्या हातातून किल्ली घेतली.

हातमोजे घालून, वाफ नको म्हणून श्वास रोखून, आम्ही दोघींनी कपाटातच डोकी खुपसली आणि शेवटचं पान उघडलं. चोर खुद्द गुप्तहेरच होता. तो झोपेत चालायचा. ताईचे गाल फुगले, माझे फुगले, आणि दोघींचं हसू एकदमच फुटलं.

"पुढचं काढ," डोळे पुसत ताई म्हणाली.

संध्याकाळी सात वाजता सत्तेचाळीस कॉमिक्स पिशव्यांबाहेर होती आणि कपाटातली आर्द्रता एकोणसत्तर टक्के.