लागण

माझ्या नवऱ्याला डुकराची किडनी बसवली, कारण माणसाची मिळाली नाही. थोरल्या दिरांची जुळत होती, पण "एका किडनीवर मी जगायचं कसं?" म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. वर ऑपरेशननंतर भेटायला आले, ते नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले. "शी, नुसत्या विचारानंच पोटात ढवळतं," म्हणाले, आणि आमच्या घरच्या पाण्यालाही शिवले नाहीत.

काही महिन्यांनी ह्यांना ताप भरला. डुकराच्या अंगात दबून बसलेला विषाणू किडनीबरोबर आत आला होता आणि आता ती किडनीच नासत चालली होती. लघवीच्या पिशवीत गढूळ, तांबूस पाणी साचायचं आणि खोलीभर त्याचा कुबट दर्प पसरायचा. किडनी काढायचं ठरलं. ह्यांना भेटून गेलेल्या सगळ्यांचं रक्तही तपासायला घेतलं.

रिपोर्ट यायच्या दिवशी भाऊजी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मला म्हणाले, "आता माझी किडनी द्यायचीही सोय राहिली नाही बघ. ती डुकराची घाण माझ्याही रक्तात शिरली असणार. नाहीतर या खेपेला मी लगेच दिली असती गं."

तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हाला कसलीही लागण झालेली नाही. तुमच्या दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत."



भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला.