बापाचंच माप

१९९६ साल. त्या वर्षी इराणच्या कुर्दी मुलखात, मरिवानच्या डोंगरांवरचं बर्फ उशिरा वितळलं. वाटा मोकळ्या झाल्या तशी खावेर आपल्या मुलाला, सामालला घेऊन बाजारात आली, जोडे घ्यायला.

दुसऱ्या दिवसापासून सामाल इराकच्या सरहद्दीवर जाणार होता. डोंगराच्या पायथ्यापर्यंत मामाची मोटरसायकल, तिथून पुढं पायी. पलीकडून चहाची खोकी पाठीवर लादून आणायची आणि गाडीवरून शहरात पोचवायची. गावातली निम्मी पोरं हेच करत. वाटेवर शिपाई चाहूल लागली की गोळी घालत. वाट सोडली तर इराकशी झालेल्या लढाईत पेरलेले सुरुंग होते.

दुकान फैजुल्लाचं. कलाश, म्हणजे आमच्याकडचे सुती जोडे, बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सगळे त्याला ओस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत. खावेरला पाहताच त्यानं न विचारता फळीवरून कलाशचा एक पांढरा जोड काढला.

"तौफिकचा दुसराही झिजला वाटतं, वहिनी?"

तौफिक खावेरचा नवरा. डिंक गोळा करायला गेला असता त्याचा पाय सुरुंगावर पडला होता. उजवा पाय घोट्याच्या वरून गेला. तेव्हापासून एक जोड त्याला दुप्पट पुरायचा. आमच्या कलाशला डावा-उजवा नसतो. चिंध्या ठोकून केलेला तळ, वर सुताची वीण, दोन्ही अगदी सारखे. एक पायात असायचा, दुसरा खुंटीवर वाट बघत असायचा.

"त्यांना नकोत," खावेर म्हणाली. "याला पाहिजेत. आणि कलाश नको. चामड्याचे बूट दाखवा, घोटा झाकणारे."

"आई, मी डोंगर चढायला चाललोय, फौजेत नाही."

"आणि गाडी पायावर पडली म्हणजे? तू गप्प बस. ओस्ता, बूट काढा."

ओस्तानं बूट काढले. सामालनं ते चढवले आणि दुकानाच्या फरशीवर चालून दाखवलं. खट, खट, खट. समोरच्या चहाच्या टपरीवर दोन शिपाई सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. दोघांनीही एकदम माना वर केल्या. नुसतं पाहिलं आणि परत बिया सोलू लागले.

सामाल चालायचा थांबला.

"गाडीवर बूट पाय वाचवतो, वहिनी," ओस्ता आवाज खाली आणून म्हणाला. "पण तिथं वर, दगडांवर..." त्यानं वाक्य तसंच सोडलं आणि सामालचे बूट स्वतःच उतरवले. मग कलाश त्याच्या पायात सरकवला, अंगठ्यापाशी दाबून पाहिला आणि खूश होऊन हसला. "बघा! बापाचंच माप. तसूभर फरक नाही."

खावेर हसली नाही. "असं बोलू नका," ती म्हणाली. ओढणीच्या टोकानं तिनं मुलाचा पाय पुसला, जणू त्याला काही लागलं होतं.

"गिअरचा दांडा डाव्या पायावर घासेल," ओस्ता सामालला सांगत होता. "वीण उसवायला लागली की डाव्याचा उजवा कर."

"आणि उजवा किक मारून फाटला तर?"

"तर किक मारू नकोस, ढकलून चालू कर. लाथा मारून गाढव तरी चालतं का?"

"आमचं चालायचं."

"म्हणूनच ते इराकात पळून गेलं."

खावेर त्यांच्याकडे पाठ करून बूट परत फळीवर ठेवत होती. वळली तर सामालची तिवई रिकामी. पावलं वाजली नव्हती. दारात कुणी नव्हतं.

"सामाल!"

सगळ्या बाजारानं ऐकलं असेल. तो तिच्या मागंच उभा होता, हात पुरेल इतक्या अंतरावर.

"इथंच आहे की, आई."

तिनं त्याचं मनगट धरलं. "मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "माझ्यामागं येऊन उभा राहिलास, आणि मला ऐकू आलं नाही."

"मग तेच तर पाहिजे ना!" सामाल म्हणाला.

तिनं टपरीकडे पाहिलं. तिच्या ओरडण्याचं शिपायांना हसू आलं होतं. एकजण तिची नक्कल करत होता. तिनं मुलाचं मनगट सोडलं.

"हेच द्या," ती ओस्ताला म्हणाली.

ओस्ता फैजुल्ला आता नाही. त्याच्या दुकानात प्लास्टिकच्या चपला मिळतात. मामानं ती मोटरसायकल विकून टाकली. सामालच्या पावलांची चाहूल शिपायांना कधीच लागली नाही. पण पुढच्या वसंतात, बर्फाच्या पाण्याबरोबर घसरत आलेला एक सुरुंग ऐन वाटेवर त्याच्या डाव्या पायाखाली आला. तो बसून घड्याळं दुरुस्त करायला शिकला. संध्याकाळी घरी परततो तेव्हा खावेरला त्याची कुबडी गल्लीच्या टोकापासून ऐकू येते. तौफिक म्हातारा झालाय, पण अजून अंगणात जातो-येतो.

बापलेक मिळून एकच जोड घेतात. उंबऱ्याबाहेर तो शेजारी शेजारी नीट ठेवलेला असतो. कुणी नवखा पाहुणा आला की जोड पाहून विचारतो, "घरात एकच पुरुषमाणूस का?"

"दोघं आहेत," खावेर म्हणते. "या, आत या."