राखीव आठ बिटं

"एकच क्रियापद तर बदलायचंय," समितीचे अध्यक्ष बिवलकर म्हणाले.

डेटा सेंटरमधल्या आभासी नेटवर्कच्या मानकात लिहिलेलं होतं की, माहितीच्या प्रत्येक पॅकेटमधली आठ राखीव बिटं रिकामी ठेवावीत. कोणी ती भरलीच, तर दुर्लक्ष करावं. आता 'दुर्लक्ष करावं'च्या जागी 'पॅकेट फेकून द्यावं' येणार होतं.

समितीत बसलेल्या हेमांगीने हातातलं पेन खाली ठेवलं. मेलेल्या माणसाच्या मनाची प्रत वर्षभरात पुसायची, असा कायदा होता. झाडून सगळ्या डिस्क तपासल्या जात. म्हणून तिने अप्पांना त्या आठ बिटांत लपवलं होतं. पॅकेटांबरोबर ते अखंड फिरत राहायचे, कुठेच साठायचे नाहीत. हल्ली मात्र ते तिला मधूनच 'अहो' म्हणायचे. फिरून फिरून थकले असतील, अशी ती मनाची समजूत घालायची.

चहाच्या सुट्टीत तिने बिवलकरांना जिन्यात गाठलं.

"सर, हात जोडते. राहू द्या ना ते दुर्लक्ष. माझे वडील आहेत हो तिथे!"

बिवलकर दचकले नाहीत. कठडा धरून ते हळूहळू पायरीवर बसले.

"तुम्हाला घरी हेमा म्हणतात का?"

"हो. पण तुम्हाला कसं…"

"मलाही ती जागा रिकामीच वाटली होती," ते म्हणाले. "माझी बायको आहे तिथे. महिना झाला, ती मला हेमा म्हणते. रोज विचारते, जेवलीस का?"