मुंग्यांची वाट

जावयाच्या डोक्यात रोज बाटली फुटताना बघायचं सुख सगळ्याच सासऱ्यांना लाभत नाही. नाटकाचं सामान बनवणाऱ्या आप्पांना ते लाभलं होतं. बाटली साखरेचा पाक साच्यात ओतून केलेली आणि फोडणारी त्यांचीच लेक. प्रत्येक घाण्यातली एक बाटली आप्पा आधी स्वतःच्या टकलावर फोडून बघत.

आजही ती नेहमीसारखी भुगा झाली. वाट चुकल्या त्या मुंग्या. एरवी बाटल्यांवर तुटून पडायच्या. आज टेबलाला वळसा घालून, आरशासमोर रंगायला बसलेल्या जावयाच्या मानेवरून थेट कपाळावर चढल्या होत्या.

"आप्पा, रंग बदललात का हो? गोडूस वास येतोय," मुंग्या झटकत जावई म्हणाला.

"तुम्ही मुळातच गोड," आप्पा म्हणाले खरे, पण तसेच तडक उठले.

त्यांनी लेकीला गाठलं. "आज हळू मार गं."

"आप्पा, साखरच तर आहे!" म्हणत ती रंगमंचावर गेली.

विंगेत आप्पांनी डोळे गच्च मिटले. खळकन आवाज आला, अगदी पाकाचा, नेहमीचा. प्रेक्षक हसले. आप्पांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी डोळे उघडले.

जावयाच्या खांद्यांवर साखरेचा भुगा पसरला होता. लेकीच्या हातातली बाटली शाबूत होती.